मदत हवी आहे: अडथळ्यांच्या घोडदौडीतले मृत्यू मोजायचे कसे?

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची चर्चा ठेवली आहे: ग्रँड नॅशनलसारख्या (लिव्हरपूलजवळ दरवर्षी होणारी अडथळ्यांची प्रसिद्ध घोडदौड) शर्यती चालू राहाव्यात का? माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आहे आणि एका आकड्यापाशी अडलंय.

2023 मध्ये एन्ट्रीला (Aintree, ग्रँड नॅशनलचं मैदान) आंदोलकांनी शर्यत काही वेळ रोखून धरली, मग ती सुरू झाल्यावर पहिल्याच अडथळ्यावर एक घोडा दगावला. 2024 पासून 40 ऐवजी 34 घोडे धावतात, पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेजवळ आणलाय, म्हणजे घोडे तिथे कमी वेगात पोचतात. अडथळ्यांवरच्या केशरी फळ्याही आता पांढऱ्या असतात, कारण घोड्याला केशरी रंग गवताच्या हिरव्यातून नीट वेगळा दिसत नाही. (हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इतकी वर्षं आपल्या डोळ्यांना दिसेल ते त्यांच्यासाठी लावत होतो!) हे सगळं मुलांसाठी लिहून झालंय.

शर्यतवाले सांगतात, धावणाऱ्यांपैकी साधारण 0.2 टक्के घोडे दगावतात. पण यात सपाट मैदानावरच्या शर्यतीही धरल्या आहेत, आणि हा हिशोब दर धावेमागे आहे. एकच घोडा हंगामात अनेकदा धावतो, त्यामुळे त्याचा धोका साठत जातो. विरोधक नुसती वर्षाची एकूण संख्या देतात, तीही अपुरीच.

घोडे पडतानाचे व्हिडिओ नकोत, मुलांना दाखवणार नाही. विकतचे अहवालही परवडणारे नाहीत.

इथे कुणी पशुवैद्य किंवा संख्याशास्त्रवाले असतील तर सांगा: फक्त अडथळ्यांच्या शर्यतींसाठी, दर घोड्यामागे दर हंगामाचा धोका मोफत माहितीतून कसा काढावा?