कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस: ठेवायचा की परत करायचा?

मालवी मिरची
भाच्यासाठी डेस्कटॉप जुळवतोय. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधला दुकानदार कॅबिनेटसोबत '४५० वॉट'चा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) फुकट देतोय. वर म्हणतो, "भिया, कंपनी का लोगे तो ढाई हज़ार फालतू जाएँगे."

माझं मत उलटं आहे. बजेट कितीही तंग असो, इथे हात आखडू नये. रॅम हवी तर आठच घ्या, पुढे वाढवता येते. त्या डब्याचं लेबल तिथेच वाचलं: १२ व्होल्टला १४ अँपिअर. गुणाकार करा, १६८ वॉट. आजचे प्रोसेसर आणि कार्डं जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच ओढतात. ५ आणि ३.३ व्होल्टचे मोठमोठे आकडे मिळवून ४५० केलेत.

रामबागचे काका
१६८ तर १६८! ५६००जी पूर्ण ताणला तरी ८८ वॉटच्या आसपास घेतो. बोर्ड, एसएसडी, पंखे धरून सव्वाशे. मग ओरडा कशाचा? मी दुरुस्तीचंच काम करतो. बिलिंगची कितीतरी मशीनं लोकल एसएमपीएसवर वर्षानुवर्षं चाललीत. जळून येतात त्यांच्या घरी बहुतेक वेळा अर्थिंगचा पत्ता नसतो, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. अडीच हजार डब्यात घालण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मालवी मिरची
काका, अर्थिंग हवंच, त्यावर वाद नाही. पण झिणझिण्या येतात त्या एसएमपीएसमधल्या, विजेतला गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरमुळे. त्याचे दोन कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की बॉडीवर निम्मा व्होल्टेज तरंगतो. फुकटच्या डब्यात पुष्कळदा तो फिल्टरच गाळलेला असतो, म्हणून तिथे झिणझिण्याही येत नाहीत आणि लोकांना वाटतं माल चांगला!

आणि प्रश्न सव्वाशे वॉट निघतात का एवढाच नाही. डबा कधीतरी जाणारच. जाताना एकटा जातो की बोर्ड आणि एसएसडी घेऊन जातो? ओव्हर-व्होल्टेज, शॉर्ट-सर्किट, जास्त तापणं, यांवर आपणहून बंद पडणारं सर्किट आत असावं लागतं. अडीच हजार त्याचे.

हिशेबी
वीजबिलाचंही बघा. १२० वॉटचं मशीन ७० टक्के कार्यक्षमतेच्या डब्यावर भिंतीतून १७१ वॉट घेतं, ८५ टक्केवाल्यावर १४१. रोज सहा तास धरले तर महिन्याला साडेपाच युनिटांच्या आत. आठ रुपये युनिट धरा, चाळीसेक रुपये. अडीच हजार वसूल व्हायला पाच वर्षं! बचतीच्या नावाने '८० प्लस ब्राँझ' (कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र) वाला घेऊ नका, घ्यायचा तर सुरक्षेसाठी घ्या.

शिवाय ८० प्लसची चाचणी २३ अंशांच्या खोलीत होते. आपल्याकडे मे महिन्यात कॅबिनेटच्या आत काय होतं ते सांगायला नको. दर १० अंशांमागे कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून आत १०५ अंशवाले आहेत की ८५ वाले ते विचारा. स्टिकरवर हे येत नाही.

रामबागचे काका
विचारून दुकानदार सांगणार आहे होय!

गच्चीवरचा गेमर
भाचा पुढे कार्ड टाकणार नाही, याची हमी कोण देतं? आरएक्स ६६०० एकटं १३२ वॉटचं आणि त्याला आठ पिनची वेगळी वायर लागते. फुकटच्या डब्यात ती नसतेच. मग पोरं दोन मोलेक्सचा (जुन्या हार्डडिस्कचे चार पिनचे प्लग) जुगाड करतात आणि प्लग वितळतो. चांगल्या कंपनीचा ५५० वॉट एकदाच घ्या, पाच वर्षांची वॉरंटी असलेला. अर्थात एकाच कंपनीतही फरक असतो: स्वस्त मालिकेला तीन वर्षं, वरच्या मालिकेला पाच. कंपनीचा स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे, ते तिथे कळतं.

तिलकनगरची ताई
आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतो, म्हणून लेबलवर इनपुट बघून घेतला. काही ब्रँडेड स्वस्त मॉडेलांवरही २००-२४० लिहिलेलं असतं. मला १००-२४० वाला हवा होता. दुसरं, लाइट गेली की यूपीएस असूनही मशीन रीस्टार्ट होत असेल तर यूपीएसला शिव्या देण्याआधी एसएमपीएस तपासा. बॅटरीवर यायला यूपीएसला काही मिलीसेकंद लागतात; तेवढा वेळ तग धरायला आतला मोठा कपॅसिटर पुरेसा हवा. स्वस्तात पहिली काटछाट त्याचीच.

रामबागचे काका
इनपुटचं ताईंनी बरोबर सांगितलं. तरी नुसतं टायपिंग आणि टॅली करणाऱ्याला मी ब्रँडेड घ्यायला लावणार नाही. आधी अर्थिंग, मग एसएसडी, मग डबा. आणि लोकल असला तरी मी दुकानातच तपासून देतो.

मालवी मिरची
तपासून म्हणजे हिरव्या वायरला काळी जोडून पंखा फिरवून दाखवता तसंच ना? त्यात फक्त डबा सुरू होतो एवढं कळतं. मशीन जोडा, प्रोसेसरवर अर्धा तास पूर्ण लोड द्या आणि पिवळ्या, म्हणजे १२ व्होल्टच्या वायरवर मल्टिमीटर लावा. ११.४ व्होल्टच्या खाली गेला तर परत घ्याल?