उन्हात राबणारी कातडी : अनुभव धागा

शेतात, उसाच्या फडावर, एसटीच्या स्टिअरिंगमागं, बाजारात हातगाडीवर वर्षानुवर्षं ऊन अंगावर घेतल्यावर कातडीचं काय होतं, यावर मराठवाड्यातल्या जाणकारांनी लिहावं म्हणून हा धागा. आपबिती नको. काय दिसतं, ते का होतं, काय करायचं आणि कुठं चुकतं, एवढंच नेमकं लिहा.

त्वचारोगतज्ज्ञ, लातूर

तपासणी अगदी सोपी आहे. पन्नाशीच्या शेतकऱ्याचा हात उचलायला सांगा. दंडाची काखेजवळची आतली बाजू बघा आणि मग मनगटाची बाहेरची बाजू बघा. आतली बाजू मऊ आणि एकसारख्या रंगाची असते, चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर येते. वयानं झालेला बदल तेवढाच. मनगटावर जे जास्तीचं दिसतं, म्हणजे खरखर, काळे-तपकिरी ठिपके, मधूनच पांढरे बारीक ठिपके, कागदासारखी सुरकुतलेली कातडी, ते बहुतांशी उन्हाचं काम.

अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. यूव्हीबी, म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटरचे, बहुतेक वरच्याच थरात अडतात. तिथल्या पेशींचा डीएनए ते थेट बिघडवतात, आणि कातडी लाल होऊन भाजते ती मुख्यतः त्यांच्यामुळं. यूव्हीए, ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे, आतल्या थरापर्यंत उतरतात. तिथं कोलॅजेन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, तोडणारी विकरं वाढतात आणि नवीन कोलॅजेन कमी बनतं. लवचिक तंतूंचा बिघडलेला गुंताडा साचत जातो. मानेच्या मागं जाड, पिवळट, चौकटी पडल्यासारख्या खोल घड्या दिसतात, त्या याच्याच. बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांच्या कडेला मोठमोठी काळी तोंडं असलेल्या पुटकुळ्या दिसतात. ऊन आणि धूर दोन्ही मिळून ते होतं.

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत हा क्रम गोऱ्या लोकांपेक्षा वेगळा असतो. त्यांना सुरकुत्या लवकर पडतात. आपल्याकडं आधी रंग बिघडतो: गालावर वांग, कपाळ आणि कानशिलं काळपट, हातावर डाग. मग पोत खरखरीत होतो, सुरकुत्या त्यानंतर. म्हणून ‘आमची कातडी रापलेली, तिला काही होत नाही’ हे खरं नाही. रापणं म्हणजे इजा झाल्यावर कातडीनं दिलेलं उत्तर. एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीन (ऊन अडवणारं क्रीम) किती वाचवतं ते सांगणारा आकडा, त्या भाषेत मोजलं तर अगदी काळ्या कातडीतल्या मेलॅनिनचं, म्हणजे रंगद्रव्याचं, संरक्षणही सरासरी १३ च्या आसपास भरतं.

गाडी चालवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. साधी काच यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए बराचसा आत येऊ देते. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१२ साली २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाचा फोटो छापून आला होता. खिडकीकडची डावी बाजू घड्यांनी भरलेली आणि उजवी बरीच नीट. आपल्याकडं चालक उजवीकडं बसतो, म्हणून एसटी आणि ट्रकवाल्यांची उजवी बाजू बघायची.

भूगोल शिक्षक, बीड

तापमान आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चटका बसतो तो उष्णतेचा. अतिनील किरण अंगाला जाणवतच नाहीत, आणि खरी फसगत तिथेच होते. त्यांचा जोर ठरतो मुख्यतः सूर्य किती उंचावर आहे त्यावरून.

त्यासाठी उपकरण लागत नाही, सावली पुरते. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि अंग झाकायला हवे. लातूरला मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर माथ्यावर येतो. घड्याळात तेव्हा साधारण साडेबारा होत आलेले असतात, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि आपण तिच्या पश्चिमेला. मे महिन्यात सावली सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत उंचीपेक्षा आखूड राहते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ऐन कापूस वेचणीत, हीच वेळ सव्वादहा ते दोन अशी असते. आणि २२ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा, मराठवाड्यात भर दुपारची सावली उंचीपेक्षा थोडी आखूडच पडते. थंडीत ऊन गोड लागते म्हणून पाठ शेकत तासन्‌तास बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिनील निर्देशांकात ३ पासून पुढे संरक्षण घ्यायला सांगितले आहे, ११ आणि वर म्हणजे टोकाचा. आपल्या उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी तो ११ च्या पुढे जातो. पातळ ढगांतून तर बहुतांश अतिनील किरण खाली येतात. आषाढात ढगाळ हवेत चालणाऱ्या दिंड्यांतले वारकरी कपाळ आणि नाकाचा शेंडा सोलवटून घेतात ते त्यामुळे.

कृषी विस्तार कार्यकर्ता, परभणी

क्रीमच्या आधी कापडाचं बोला. रानात दर दोन तासाला कोण क्रीम लावतंय? वेचणीला आणि खुरपणीला बाया लुगड्यावर घरातला जुना फुल शर्ट घालतात, तो फार कामाचा आहे. फक्त बाही खाली सोडून मनगटाचं बटण लावायचं आणि कॉलर उभी करायची. कापड उजेडाकडं धरून बघा. विणीतून उजेडाचे टिपके दिसले तर ऊनही तिथूनच आत जातं. धुऊन धुऊन विरलेला पांढरा सुती सदरा थंड वाटतो, पण अडवत कमी. घामानं भिजला की आणखी कमी. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, सैल शर्ट बरा. सैल हवाच, नाहीतर मेमध्ये उष्माघाताची भीती.

गांधी टोपीनं डोकं झाकतं, कान-मान-नाक उघडंच. फेटा किंवा पटका बांधत असाल तर शेव मानेवर सोडा. दस्ती बांधायची तर दुहेरी करा. टोपी घ्यायची तर चारी बाजूंनी काठ असलेली, काठ निदान तीन इंच. पुढंच छज्जा असलेल्या टोपीनं कान वाचत नाहीत.

दुसरं, गाजर गवत. ‘उन्हाची अ‍ॅलर्जी’ म्हणून येणाऱ्या कितीतरी लोकांना खरं तर या गवताची अ‍ॅलर्जी असते, वरून ऊन तिला भडकवतं. फरक असा ओळखा: निव्वळ उन्हाचं पुरळ असेल तर पापण्यांच्या घड्या, हनुवटीखालची आणि कानामागची जागा सुटते, कारण तिथं सावली असते. गवताची धूळ मात्र हवेतून सगळीकडं बसते, म्हणून पापण्या, कानामागं, मानेच्या घड्या, कोपराची खोबण, सगळं खाजतं आणि कातडी जाड होते. गवत फुलावर यायच्या आत, पाऊस पडून जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. ज्याला त्रास आहे त्यानं ते काम करूच नये. रानातले कपडे वेगळे धुवा.

औषध दुकानदार, नांदेड

सनस्क्रीन कमी लावणं ही सगळ्यात मोठी चूक. पाकिटावरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा, तेवढं हवं. ते साधारण एक ग्रॅम होतं. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा लावली तर महिन्याच्या आतच संपते. सहा महिने पुरत असेल तर ती नुसती वास घेण्यापुरती लागते आहे.

एसपीएफ ३० यूव्हीबीचा ९७ टक्के भाग अडवतं, ५० वालं ९८ टक्के. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा पुरेसं आणि परत परत लावा. पाकिटावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा पीएच्या पुढं तीन-चार अधिकची चिन्हं बघा, ती यूव्हीएसाठी. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड घातलेलं तपकिरी छटेचं घ्या. सावळ्या कातडीत दिसणारा उजेडसुद्धा डाग गडद करतो आणि साधं पांढरं क्रीम तो पुरेसा अडवत नाही. बाहेर पडायच्या १५-२० मिनिटं आधी लावा, पुसून निघालं किंवा घाम आला की पुन्हा. ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका, तिथल्या उष्णतेनं क्रीम फुटतं.

रोज लावून उपयोग होतो का, हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ९०३ प्रौढांवर तपासलं गेलं. साडेचार वर्षं रोज लावणाऱ्यांच्या हाताच्या मागच्या कातडीत वयाच्या खुणा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वाढल्या होत्या. निष्कर्ष २०१३ मध्ये आले. खोबरेल, बेसन-हळद यांनी हे काम होत नाही. लिंबू चोळून उन्हात गेलात तर उलट फोड येऊन काळे चट्टे पडतील.

डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, रक्तदाबाची हायड्रोक्लोरोथायझाइड, दुखण्यावरची पायरॉक्सिकॅम यांनी ऊन जास्त बाधतं. गोळी मनानं बंद करू नका. डॉक्टरांना विचारा आणि तोवर अंग झाकून ठेवा.

आणि हात जोडून सांगतो, ‘गोरं होण्याचं’ तिहेरी मलम मागू नका. त्यात स्टिरॉइड असतं. पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, केस उगवतात आणि पाच मिनिटांच्या उन्हातही आग होते. सोडलं की आणखी भडकतं, म्हणून माणूस परत तेच मागायला येतो. अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात.

नेत्र तंत्रज्ञ, जालना

थोडक्यात. ऊन-धुळीत राबणाऱ्यांच्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळाकडं सरकणारा मांसल पडदा वाढतो. बुबुळाच्या मध्याकडं येऊ लागला की नजर अंधुक होते आणि मग शस्त्रक्रिया लागते. गॉगल घेताना काचेच्या काळेपणावर जाऊ नका, ‘यूव्ही ४००’ लिहिलंय का बघा. नुसत्या काळ्या काचेमागं बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण जास्तच आत जातात.

त्वचारोगतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर

सगळंच उन्हाच्या माथी मारू नका, एवढं जोडतो. मान आणि काख काळी, मखमलीसारखी जाड झाली असेल तर साबण घासू नका, रक्तातली साखर तपासा. गळ्याभोवती माळेसारखा आणि दोन्ही हातांवर मोज्यासारखा काळपट, सोलवटलेला पट्टा, सोबत जुलाब आणि चिडचिड असेल तर तो पेलाग्रा, नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता. ज्वारीवरच भागवणाऱ्या दख्खनच्या पट्ट्यात तो पूर्वी नेहमी दिसायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर मोलाचं काम केलं. आता तो मुख्यतः दारूचं व्यसन असलेल्यांत आणि क्षयासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांत सापडतो. उपचार मिळाला तर बरा होतो, दुर्लक्ष केलं तर जीवावर बेततो.

झालेलं नुकसान थोडंफार भरून येतं. डॉक्टर देतात ते ट्रेटिनॉइन मलम ०.०२५ टक्के, वाटाण्याएवढं, कोरड्या चेहऱ्यावर, रात्री, सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच. पहिले काही आठवडे सोलवटतं. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि दिवसा सनस्क्रीन नसेल तर उलटंच होतं. गरोदरपणात वापरायचं नाही. लेझर आणि पीलची (रसायन लावून वरची कातडी सोलून काढण्याची) घाई नको. आपल्या कातडीत जोर जास्त झाला की नवे काळे डाग उठतात.

खालच्या ओठाची कड पांढरट होऊन सतत सोलत असेल, किंवा चेहऱ्यावरची जखम महिनाभरात भरली नसेल, तर मलम बदलत बसू नका, डॉक्टरांकडून तुकडा काढून तपासून घ्या. आपल्याकडं बेसल सेल हा कातडीचा कर्करोग बऱ्याचदा काळा असतो आणि तीळ समजून राहून जातो. मेलॅनोमा हा कातडीचा दुसरा कर्करोग भारतीयांत अनेकदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, त्याचा उन्हाशी संबंध नसतो. रानात अनवाणी चालणाऱ्यांचे तळवे धुऊन, चांगल्या उजेडात बघा. वाढत जाणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला काळा डाग दिसला तर त्याच आठवड्यात दाखवा.