मगवरचा देकार्त: विनोद की टवाळी?

मांजराकाठ
लातूरच्या ट्यूशन एरियात भेटवस्तूंच्या दुकानात एक मग बघितला. लांब केसांचा फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त, खाली छापलंय: ‘मला वाटतं, म्हणून मी बाई आहे.’ पोरं फोटो काढून खिदळायलीत. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) लोकांची टर उडवायला थेट फ्रान्सचा माणूस कामाला लावलाय! माझ्या मते हा विनोद तत्त्वज्ञानातच नापास आहे. 1637 साली ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ लिहिताना देकार्तला फक्त ‘आहे’ एवढंच पक्कं करायचं होतं. ‘मी काय आहे’ हे त्यानं 1641 च्या ग्रंथात नीट धसाला लावलं, अन् तिथं तर स्वतःच्या हातापायांवरही संशय घेतला. त्या वाक्यातून बाईही निघत नाही, बुवाही नाही.

उस्मानाबादी शेळी
एवढा कीस कामून पाडायलात? मुद्दा सरळ आहे. उद्या मला वाटलं मी तलाठी आहे, तर सातबाऱ्यावर माझी सही चालेल का? बायकांच्या शर्यती शरीर बघूनच वेगळ्या केल्यात. हे विचारलं की लगेच माणूस टवाळखोर.

गंगाखेडची
तलाठी सरकार नेमतं. अन् इथं सुप्रीम कोर्टानंच 15 एप्रिल 2014 च्या निकालात आपली लिंगओळख सांगायचा हक्क ज्याचा त्याला दिला. 2019 च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडं प्रमाणपत्राचा अर्ज करायची सोय केली. स्त्री किंवा पुरुष अशी नोंद पाहिजे तर शस्त्रक्रियेनंतरचा दवाखान्याचा कागदही मागितला. नुसतं ‘वाटलं अन् झालं’ कुठं होतं? कलेक्टर ऑफिसचे हेलपाटे घातलेल्या माणसासमोर त्या मगातून चहा पिऊन दाखवा.

उस्मानाबादी शेळी
म्हणजे शेवटी शरीराचा कागद लागलाच की!

मांजराकाठ
तृतीयपंथी म्हणून नोंद करायला नव्हता लागत. अर्धं वाचू नका.

दगडी बारव
आपल्याकडं हे नवं कुठाय? जोगत्या साडी नेसून, परडी घेऊन दारात आला की माझी आई पाया पडायची. आपला समाज आधीपासून समजूतदार आहे. हे भांडण बाहेरून आणलेलं.

गंगाखेडची
पाया पडून झाल्यावर त्याला खोली भाड्यानं दिली का हो कुणी? मंगळवार-शुक्रवार जोगवा, बाकीचे दिवस हाडहूड.

मांजराकाठ
देकार्तची खोड काढायचीच तर 1643 साली बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथनं पत्रात विचारलेलं छापा: मनाला ना आकार, ना स्पर्श, तर ते शरीराला हलवतं कसं? पत्रांवर पत्रं झाली, तिचं काही समाधान झालं नाही.

उस्मानाबादी शेळी
म्हणजे मन शरीरापासून वेगळं नाही, असंच ना? परत माझ्याच बाजूनं. अन् शर्यतीचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. तेवढं द्या, मग तो मग फोडतो.

गंगाखेडची
दिलंय की. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं 2023 मध्येच ठरवलं: पुरुष म्हणून वयात आलेल्या पारलिंगी स्त्रियांना महिला गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा बंद. ते बरोबर की चूक यावर वेगळं भांडू. पण ट्यूशन एरियातला मग कोणत्या शर्यतीत धावायलाय?