विडी कामगार बायकांच्या आरोग्यावर पीएचडी करायचीय, फेलोशिप कुठली मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मी सोलापूरची, कुंभारीच्या विडी घरकुलात राहते. इथल्याच विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात एमएस्सी केलंय. शाळा-कॉलेजात विडी कामगारांच्या मुलांची केंद्र सरकारची स्कॉलरशिप होती, आता पीएचडीसाठी काहीतरी शोधतेय.

विषय पक्का आहे. घरात विड्या वळणाऱ्या बायका आणि त्यांच्या पोरांच्या अंगात तंबाखू किती जाते ते बघायचंय. आमच्याकडे आई, मावशी, शेजारच्या काकू सगळ्या सूप मांडीवर घेऊन बसतात, त्याच खोलीत स्वयंपाक, तिथंच पोरं झोपतात, आणि मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला तरी पंखा लावता येत नाही कारण तंबाखू उडते. हातमोजे घाला म्हणून सांगणारे येतात नि जातात, पण हातमोजे घालून पान गुंडाळून बघा एकदा! मजुरी हजार विड्यांवर असते, हात मंदावला की पैसे कमी.

त्यामुळं फॉर्म भरून घेतले, निघून गेले असलं संशोधन मला करायचंच नाहीये. काय मोजायचं ते बायकांनी ठरवावं, त्यांच्यातल्याच काही जणींनी शिकून घरातली धूळ गोळा करावी, रिपोर्ट आधी त्यांच्या हातात पडावा. आणि त्यात त्यांचा रोज बुडतो तो प्रोजेक्टमधून भरून द्यायला पाहिजे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एका सरांना सांगितलं तर म्हणाले याला पैसे कोण देणार, लॅबमधला विषय घे.

तर अशा कामाला फेलोशिप मिळते का, आणि परदेशी स्कॉलरशिपच्या मागं लागावं का? आम्ही पद्मशाली, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) दाखला आहे. कुणी या वाटेनं गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
ताई, विषय सोडू नका. आधी यूजीसीची नेट-जेआरएफ परीक्षा द्या, तिच्यातून संशोधनासाठी फेलोशिप मिळते. पर्यावरणशास्त्र आहेच, पण 'सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ' हाही नेटचा विषय आहे, बऱ्याच जणांना माहितीच नसतो, त्याचा सिलॅबस बघून ठेवा. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० मिळतात, वयाची अट ३० आहे पण महिलांना ५ वर्षांची सूट. एसबीसी असाल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची पीएचडी फेलोशिपही तुमच्यासाठीच आहे, मात्र आधी पीएचडीला रजिस्ट्रेशन लागतं, म्हणून गाइड पहिल्यांदा शोधा. परदेशी म्हणाल तर चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची स्कॉलरशिप एक वर्षाच्या मास्टर्ससाठी असते, त्याला २,८०० तास कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं भारतात राहावं लागतं. तुमचं फील्ड सोलापुरात आहे, मला तरी आत्ता तिकडं धावण्यात अर्थ वाटत नाही.

प्रतिसाद २
मी पब्लिक हेल्थमध्ये काम करते. नुसती धूळ मोजून भागणार नाही, लघवीतलं कोटिनिन तपासलं तर निकोटिन अंगात किती गेलं ते कळतं. पण मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या बायका वेगळ्या काढाव्या लागतील, नाहीतर आकडा कामाचा की मिश्रीचा हे सांगताच येणार नाही. घरात कोणी विडी ओढतं का तेही विचारा. माणसांचे नमुने घेणार म्हणजे एथिक्स कमिटीची परवानगी आलीच, त्याला वेळ लागतो. म्हणून मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिन विभागातला एखादा को-गाइड मिळतोय का बघा. आणि रोज बुडतो त्याचे पैसे फेलोशिपच्या स्टायपेंडमधून काढू नका, वेगळ्या प्रोजेक्ट ग्रँटमध्ये 'सहभागींना भरपाई' म्हणून बजेटात स्वच्छ लिहा. यात लपवण्यासारखं काही नाही.

मूळ धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. मिश्रीचं डोक्यातच नव्हतं, आमच्या गल्लीत निम्म्या जणी लावतात. नेटचा फॉर्म या वेळी भरतेच. सोलापूर किंवा पुण्याकडं असा विषय घेणारे गाइड कुणाला माहीत असतील तर मेसेज करा, आणि एथिक्स कमिटीला मराठी संमतीपत्र चालतं का तेही सांगा, काही काकूंना तर फक्त तेलुगू वाचता येतं.