कुलंट सेन्सर नवीन टाकला तरी पी०११८ हा एरर कोड परत येतोय, आता काय बघू?

चोपडेकर
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१६ ची, ९२ हजार किलोमीटर झालेत. पंधरा दिवसांपासून चेक इंजिनचा दिवा लागतोय. सकाळी इंजिन थंड असताना चावी फिरवली की रेडिएटरचा फॅन फुल स्पीडने सुरू होतो, तो थांबतच नाही. एसी मधेच बंद पडतो. गरम गाडी तासभर उभी राहिली की चार-पाच सेल्फ मारावे लागतात, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर पी०११८ आला. कुलंट टेम्परेचर सेन्सर गेला म्हणाले. नवीन बसवला, कोड उडवला, घरी पोचायच्या आत दिवा परत लागला. आता ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलावा लागेल म्हणतात. वडिलांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी जळगावला न्यावं लागतं, त्यामुळे गाडी भरवशाची हवी. कुणी चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन सुचवा, किंवा मी स्वतः काय तपासू ते सांगा.

वायरिंगवाला_चाळीसगाव
भाऊ, ईसीएमचं नाव इतक्यात काढू नका. कोड कुठलं सर्किट बघायचं ते सांगतो, कुठला पार्ट घ्यायचा ते सांगत नाही. हा सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स. बहुतेक गाड्यांत २० अंशाला अडीच हजार ओहमच्या आसपास, ८० अंशाला तीनशेच्या आसपास. ईसीएम त्या लाइनवर ५ व्होल्ट देतो आणि तिथे किती व्होल्ट दिसतात त्यावरून तापमान ठरवतो. लाइन कुठेही तुटली की पाचचे पाच व्होल्ट तसेच राहतात आणि ईसीएमला कुलंट उणे ४० अंशावर आहे असं दिसतं. तोच पी०११८. म्हणून पेट्रोल जास्त सोडलं जातं, गरम गाडी सेल्फ खाते. आणि खरं तापमान कळत नाही म्हणून इंजिन वाचवायला ईसीएम फॅन कायम चालू ठेवतो आणि एसी तोडतो. तुमचा फॅन चांगला आहे. (पी०११७ असता तर उलट, लाइन शॉर्ट झालेली असते आणि भल्या सकाळी १३०-१४० अंश दिसतात.)

मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर मिळाला तर घ्या, लाइव्ह डेटात कुलंटचा आकडा उघडा. इग्निशन बंद करून सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढा. दोनच पिना असतील तर कपलरच्या त्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा आणि इग्निशन चालू करा. आकडा एकदम १३० च्या वर गेला तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही ठीक, मग सेन्सर किंवा कपलरच्या सैल पिना बघायच्या. उणे ४० वरच राहिला तर बहुधा वायर तुटली आहे. दुसरी कुठली, विशेषतः १२ व्होल्टची वायर तिथे लावू नका, ईसीएम खरंच जाईल.

धुळ्याचा_ड्रायव्हर
माझा कोड वेगळा होता, पी०१२८ (इंजिन पुरेसं गरम होत नाही), पण इथे लिहितो कारण आपल्या भागात हे फार होतं. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत कुलंट रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला होता. डिसेंबरात हायवेला इंजिन ७० च्या वर जाईना, दिवा लागला, अ‍ॅव्हरेज पडलं. आणि ज्या इंजिनात थर्मोस्टॅट बायपासही (रेडिएटर टाळून जाणारी वाट) बंद करतो, तिथे तो काढला की थोडं कुलंट रेडिएटरला वळसा घालून जातं, कन्नड घाटात गाडी उलट जास्त तापते. नवीन थर्मोस्टॅट टाकला, बोअरचं पाणी काढून कुलंट भरलं, तेव्हा सुटलो. चोपडेकर, काय व्हयनं ते सांगजो भाऊ.

चोपडेकर
स्कॅनर मागवला. पिना जोडल्या तरी उणे ४० च. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरसाठी घेतलेला. पुढे काय?

वायरिंगवाला_चाळीसगाव
म्हणजे कोड नवीन सेन्सरमुळे येत नाहीये, दोष वायरिंगकडे दिसतो. इग्निशन चालू ठेवून आधी बॅटरीचा मायनस आणि कपलरची एकेक पिन मोजा. एका पिनवर ५ व्होल्ट आले तर सिग्नलची वायर ईसीएमपर्यंत शाबूत. मग दोन पिनांमध्ये मोजा. तिथे शून्य आलं तर अर्थची वायर तुटली. ती ईसीएमकडे जाते, तिला कंटाळून बॉडीला जोडू नका, रीडिंग हलतं राहील.

चोपडेकर
सापडलं! बॅटरी मायनस ते पिन ५.०, दोन पिनांमध्ये जवळजवळ शून्य. हार्नेसची (वायरांच्या जुडग्याची) टेप सोडत गेलो तर बॅटरीच्या ट्रेखाली काळी वायर उंदराने कुरतडलेली. वरचं प्लास्टिक लोंबत होतं, आत तांब्याचे दोनच तंतू, तेही हिरवे पडून तुटलेले. गाडी खळ्यात कडब्याशेजारी लावतो, तिथेच घात झाला. गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी तुकडा टाकून सोल्डर केलं, वर स्लीव्ह चढवली. आज सकाळी सात वाजता कुलंट २९, आत येणारी हवा ३०. जळगावपर्यंत ९० च्या आसपास, गर्दीत ९६ ला फॅन लागला आणि ९१ ला थांबला. दवाखान्याबाहेर चार तास उभी होती, पहिल्या सेल्फला चालू झाली. वडील मागे झोपून आले. तुमचे उपकार विसरणार नाही.

वायरिंगवाला_चाळीसगाव
उपकार कसले, वडिलांची काळजी घ्या. रात्रभर उभ्या गाडीत कुलंट आणि हवेचा आकडा एका अंशाच्या फरकात जुळतोय हे उत्तम. गाडी कडब्यापासून लांब लावा, आठवड्याला बॉनेट उघडून बघत जा. जुना सेन्सर टाकला नसेल तर गार आणि उकळत्या पाण्यात धरून ओहम मोजा.

चोपडेकर
मोजले. माठातल्या पाण्यात २३००, उकळत्यात १९०, म्हणजे जुनाही चांगलाच होता. पुसून डिकीत ठेवलाय.