रविवारी मार्ट अकरापर्यंत उघडं ठेवायचं काय?

202 सेक्रेटरी: नमस्कार सर्वांना. कोपऱ्यावरच्या मार्टचे मॅनेजर आज येऊन गेले. रविवारी सध्या नऊला बंद करतात, ते रात्री अकरापर्यंत चालू ठेवायचं म्हणालेत. मागं पार्किंगवरनं आपलं त्यांचं वाजलं होतं, म्हणून या वेळी आधी विचारायला आले. अपार्टमेंटची हरकत नाही असं पत्र पाहिजे त्यांना. मत सांगा. नुसता अंगठा दाखवू नका, दोन ओळी लिहा.

102: 👍

202 सेक्रेटरी: 102, अंगठा नको म्हटलं की.

102: तो वाचलं म्हणून होता.

403: माझी हरकत नाही. उद्यमबागेतनं सुटून घरी यायला रोज आठ वाजतात, दुसऱ्या गेटला रेल्वे आडवी आली तर साडेआठ. आठवड्याचं सामान रविवारीच भरायचं. सकाळी मटणाची लाईन, दुपारी झोप, संध्याकाळी मार्टात पाय ठेवायला जागा नाही. अकरापर्यंत असलं तर गर्दी तरी विभागेल.

301 काकी: विभागत नाही रे बाळा, वाढते. रविवारी गोव्याच्या गाड्या बघितल्यास काय आपल्या गेटसमोर? चोर्ला घाटातनं सकाळी चढून येतात, गणपत गल्ली, खडेबाजार उरकतात आणि परत जाताना शेवटी इथं. गेल्या आठवड्यात आमच्या ह्यांना स्कूटर बाहेर काढायला वीस मिनिटं. गाडीचा मालक आत बादल्या निवडालता.

403: काकी, त्या गाड्यांवरच बेळगावचा बाजार चालतोय.

301 काकी: चालू दे की. माझ्या दारात कशाला?

104 वैनी: मी पण हो म्हणेन. माझी ड्युटी रात्री आठला संपते, रविवार असो की दिवाळी. हँडओव्हर देऊन बाहेर पडेपर्यंत पावणेनऊ. मार्टाच्या दारात पोचते तर शटर अर्धं. रविवारी रात्री दुकान उघडं नको म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते, त्याच रात्री ताप आला तर नर्स पाहिजे ना? मग नर्सला डाळ-तांदूळ नको काय?

201 बँकवाले काका: वैनींचा मुद्दा बरोबर आहे. पण एक गंमत सांगतो. गेल्या वर्षी लेकीकडं इंग्लंडला, लेस्टर गावात तीन महिने होतो. पहिल्याच रविवारी संध्याकाळी सव्वाचारला आम्ही दोघं पिशव्या घेऊन तिथल्या मोठ्या दुकानात गेलो. दिवे चालू, माणसं आत, पण दारातला सिक्युरिटी कुणाला सोडेना. मला वाटलं आत काही भानगड झालीय. लेक म्हणाली, बाबा, रविवार आहे. तिथं 1994 चा कायदा आहे. 280 चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान, म्हणजे आपल्या हिशेबानं तीन हजार चौरस फुटाच्या वर, रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा यातले सलग सहाच तास उघडायचं. बहुतेक जण दहा ते चार धरतात. ईस्टरच्या रविवारी तर पूर्ण बंद. लहान दुकानाला हे बंधन नाही. त्यामुळं कोपऱ्यावरच्या गुजराती भावाकडं रात्री साडेनऊला पण मिरच्या मिळायच्या.

403: इंग्लंडसारख्या देशात? खरंच?

201 बँकवाले काका: खरंच. आणि तिथं पण हाच वाद. 2012 ला लंडन ऑलिंपिकपुरती आठ आठवडे सूट दिली होती. 2016 ला सरकारनं कायमची सूट द्यायचा, म्हणजे तो अधिकार स्थानिक कौन्सिलांना द्यायचा प्रयत्न केला. संसदेत 317 विरुद्ध 286 मतांनी पडला. स्कॉटलंडमध्ये मात्र तसली मर्यादा नाही. एकाच राणीच्या राज्यात दोन रविवार.

301 काकी: राणी गेली हो आता.

201 बँकवाले काका: 2016 ला होती.

401 गुरुजी: रविवारचा विषय निघालाच आहे तर लेस्टरला कशाला जाता? हा रविवार आपल्याकडं फुकट आलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सहकारी. 1884 मध्ये मुंबईत त्यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली आणि आठवड्यातनं एक दिवस सुट्टी मागितली. मालकांनी 10 जून 1890 ला ती मान्य केली. सहा वर्षं लागली. त्याआधी गिरणीतला माणूस रोज अंधारात कामावर जायचा, अंधारात परत यायचा. वर्गात हे शिकवताना मी पोरांना विचारायचो, रविवार कुणी दिला? निम्मी पोरं म्हणायची, इंग्रजांनी.

102: गुरुजी, मला पण तसंच वाटायचं 🙏

403: सर, पण आता सुट्टी रोटेशननं देतात. दुकान सात दिवस चालू असलं तरी प्रत्येकाला एक दिवस मिळतो. मंगळवारी घेतली काय, रविवारी घेतली काय.

401 गुरुजी: मंगळवारी पोरांची शाळा असते.

202 सेक्रेटरी: कायद्याचं मी थोडं बघून ठेवलंय. आपल्याकडं 1961 चा कर्नाटक दुकाने कायदा. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, त्याच्या वर काम घेतलं तर दुप्पट दर. दुकान किती वाजता उघडायचं, किती वाजता बंद करायचं ते सरकार आदेश काढून ठरवतं. 2021 च्या जानेवारीत आदेश निघाला की दहा किंवा जास्त कामगार असलेली दुकानं चोवीस तास, सातही दिवस उघडी ठेवता येतील, सुरुवातीला तीन वर्षांसाठी. तेव्हा मार्टवाल्यांना खरं म्हणजे आपल्या पत्राची गरज नाही. शेजारधर्म म्हणून विचारलंय.

301 काकी: शेजारधर्म नव्हे, पार्किंगची भीती.

303 लहान वैनी: मी लिहू काय? जरा मोठं होईल. लग्नाआधी मी दोन वर्षं एका मार्टात बिलिंगला होते. हे नव्हे, दुसरं. नाव घेत नाही. आमचं घर येळ्ळूरला.

तुम्हाला बाहेरनं वाटतं, नऊला बंद म्हणजे नऊला बंद. रविवारी पावणेनऊला माईकवर सांगायचो, शेवटची पंधरा मिनिटं. नऊला वॉचमन शटर अर्ध्यावर आणायचा. मग खालनं वाकून लोक आत यायचे. एकच दुधाचं पाकीट आहे म्हणायचे, आणि आत आल्यावर ऑफर बघत उभे राहायचे. शेवटचं बिल नऊ वीसला. त्यानंतर कॅश. दिवसभरात हजार वेळा ड्रॉवर उघडलेला, एकशे चाळीस रुपये कमी आले की परत मोजायचं. तिसऱ्यांदा पण तेवढेच कमी आले तर ते आपल्या पगारातनं.

ते झालं की फिरता माल. गिऱ्हाईक ट्रॉलीत घालतं आणि मन बदललं की हाताला येईल तिथं सोडतं. चादरींच्या मध्ये तूप, चपलांच्या रॅकवर वितळलेलं आईस्क्रीम. एकदा लहान मुलांच्या फ्रॉकच्या खाली अर्धा किलो कोलंबी सापडली, दुपारपासनं तिथंच होती. सगळं उचलून जागेवर. मग बाईमाणसांची पर्स तपासायची लाईन. बाहेर पडेपर्यंत दहा वाजून जायचे.

येळ्ळूरची बस तोवर गेलेली असायची. वडगावच्या नाक्यावर बाबा गाडी घेऊन थांबायचे. पावसात पण. त्यांची पहाटे पाचला शेतात मोटर असायची. आता 2023 पासनं शक्ती योजनेत बायकांना बस फुकट आहे. पण शेवटची बस गेल्यावर फुकट काय आणि तिकिटाची काय? रिक्षावाला रात्री मीटर बघत नाही, तोंड बघतो.

अकराला बंद म्हणजे पोरगी बाराला बाहेर पडणार. एवढंच सांगायचं होतं.

(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.)

104 वैनी: मी पण रात्रीची येते गं. पण आम्हाला गाडी सोडते. ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

202 सेक्रेटरी: त्याच आदेशात आहे ते. बायकांना रात्री आठनंतर कामाला ठेवायचं तर त्यांची लेखी संमती पाहिजे, आणि पाळीत काम करणाऱ्यांसाठी मालकानं गाडीची सोय करायची. तशी सोय आहे ही पाटी पण लावायची.

303 लहान वैनी: संमतीवर सही आम्ही पहिल्याच दिवशी केली होती, बाकीच्या कागदांबरोबर. गाडी कधी बघितली नाही.

403: म्हणजे नियम आहे, पाळत नाहीत. मग भांडण वेळेशी नाही, गाडीशी आहे.

201 बँकवाले काका: हे मात्र बरोबर बोललास. तिथं इंग्लंडमध्ये दुकानातल्या माणसाला लेखी कळवून रविवारचं काम नाकारता येतं, तीन महिन्यांची नोटीस द्यायची. नाकारलं म्हणून काढता येत नाही. इथं कुठली पोरगी नाही म्हणेल? दुसऱ्या दिवशी तिच्या काउंटरला दुसरी.

गाळा 2 किराणा मामा: मी आत्ता वाचलो सगळं. माझं नाव कुणी काढलं नाही म्हणून आनंद वाटला. 😄

301 काकी: अहो मामा, तुमच्यासाठीच तर भांडालो आम्ही. मार्ट रात्रभर चालू राहिलं तर तुमचं काय?

गाळा 2 किराणा मामा: काकी, माझं काय होत नाही. माझं गिऱ्हाईक वेळेचं नाही, वहीचं आहे. मार्टात वही लिहीत नाहीत. महिन्याच्या वीस तारखेनंतर बघा, मार्टाची पिशवी घेऊन फिरणारे पण माझ्याकडं येतात. तेलाच्या डब्यावर ऑफर लागली की मीच मार्टातनं चार डबे उचलतो, होलसेलला रविवार पेठेत तो भाव बसत नाही. मॅनेजरला माहीत आहे. एका बिलाला दोनच देतो, म्हणून बायकोला वेगळ्या लाईनीत उभी करतो.

102: मामा 🤣🤣

गाळा 2 किराणा मामा: पण रविवारी दुपारी एकनंतर मी उघडणार नाही. शनिवारच्या बाजाराचं ओझं उतरतं त्याच दिवशी. मार्ट अकरापर्यंत असो की पहाटेपर्यंत. मात्र एक अडचण आहे. त्यांचा मालाचा ट्रक. आत्ता दहाला येतो, दुकान बंद झाल्यावर. दुकान अकरापर्यंत म्हणजे ट्रक बाराला. तो मागं घेताना जे टूं टूं वाजवतो ते 101, 104 आणि माझ्या माळ्यावर.

101: मामांना पूर्ण पाठिंबा. मी तर त्या आवाजाला अलार्म समजून दोनदा उठलोय.

104 वैनी: दिवसभर ड्युटी करून रात्री झोपणाऱ्यांचा पण कोणी विचार करा 🙏

401 गुरुजी: माझं मत सांगतो. मी वेळ वाढवायच्या विरोधात होतो, अजूनही आहे. पण 104 च्या वैनींना सामान कुठनं मिळणार याला माझ्याकडं उत्तर नाही. म्हणून सरळ विरोध असं लिहू नका.

202 सेक्रेटरी: मग असं लिहितो. वाचून सांगा. रविवारी दहापर्यंत आमची हरकत नाही, अकरापर्यंत आहे. दुसरी पाळी वेगळ्या माणसांची, सकाळी आलेल्यांनाच रात्रीपर्यंत थांबवायचं नाही. आठनंतर थांबणाऱ्या बायकांना घरापर्यंत गाडी, आणि ती पाटी दारात, आम्हाला वाचता येईल अशी. ट्रक सकाळी आठनंतर. आमच्या गेटसमोर त्यांचा एक माणूस उभा.

301 काकी: माणूस शिट्टीवाला पाहिजे. नुसता उभा राहणारा आपल्याकडं आहे एक.

403: दहा चालेल. अकराचा हट्ट नाही माझा. पण काकी, दहानंतर तुमच्याकडं दूध मागायला आलो तर दार उघडा.

301 काकी: वहीत लिहीन.

201 बँकवाले काका: गाडीचा मुद्दा सगळ्यात वर घ्या. खाली असला तर पहिल्या दोनाला हो म्हणून उठतील.

202 सेक्रेटरी: घेतो. उद्या मॅनेजरला कोण भेटायचं? मी एकटा जाणार नाही.

401 गुरुजी: मी येतो.

104 वैनी: उद्या मला सुट्टी आहे, मी पण येते. 303, तू ये गं. तुला आतलं सगळं माहीत आहे.

303 लहान वैनी: येते. पण दुपारी नको, मॅनेजर तेव्हा कामात आहे म्हणून बाहेरच उभं करतो. उद्या रविवारच आहे. नऊ वीसला जाऊ, कॅश चालू असताना. अर्ध्या शटरखालनं वाकून जायला लागेल, गुरुजींना जमेल काय?

401 गुरुजी: जमेल. गुडघा सांभाळून.

101: पाणी आलं. मोटर लावा कुणीतरी.