गेश्रीबेनला आणखी एक ‘एन’ कशाला?

धडपडी_बी१
जर्मनच्या निबंधात "मी लिहिलेलं पत्र हरवलं" असं म्हणायचं होतं. लिहिलं: इश हाबे डेन गेश्रीबेन ब्रीफ फेरलोरेन. बाईंनी गेश्रीबेनभोवती लाल गोल काढला. अहो, शेवटी ‘एन’ आहे की! खाली "डी ट्यूर इस्ट गेश्लॉसेने" (दार बंद आहे) लिहिलं, तर तिथला ‘ए’ खोडला. एकीकडे प्रत्यय कमी, दुसरीकडे जास्त. करू तरी काय?

उलटसुलट
गेश्रीबेनमधला ‘एन’ धातुसाधिताचा, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या या रूपाचा, स्वतःचा आहे, जन्मखुणेसारखा. विशेषणाचा प्रत्यय त्यावर वेगळा चढतो: डेन गेश्रीबेनेन ब्रीफ. जीभ अडखळते खरी, मी वर्षभर तो दुसरा ‘एन’ गिळत होते.

शंका आली की त्या जागी ‘नॉय’ (नवा) ठेवून बघा. डेन नॉयेन ब्रीफ, म्हणून गेश्रीबेनेन. आइन नॉयर ब्रीफ, म्हणून आइन गेश्रीबेनर ब्रीफ. डी ट्यूर इस्ट नॉय, इथे नॉयला काहीच लागत नाही, म्हणून गेश्लॉसेनलाही नाही.

दाराची चूक मराठीतून आली असणार. आपण "खिडकी उघडलेली आहे" म्हणतो, तिथेही लिंग सोडत नाही. जर्मन मात्र विशेषण नामाच्या आधी असेल तरच प्रत्यय लावते. एरवी आपलं ‘-लेला’ फार उपयोगी. "काल माझ्या बहिणीने लिहिलेलं पत्र" म्हणजे डेर गेस्टर्न फॉन माइनर श्वेस्टर गेश्रीबेने ब्रीफ. क्रम जवळजवळ जसाच्या तसा! इंग्रजीतून शिकणाऱ्यांना इथे घाम फुटतो.

धडपडी_बी१
मग झोपलेलं मूल म्हणजे डास गेश्लाफेने किंट?

उलटसुलट
नाही, इथे ‘-लेला’ दगा देतो. श्लाफेनला (झोपणे) कर्म नाही आणि भूतकाळ करताना ते ‘हाबेन’ हे सहायक क्रियापद घेतं. अशा क्रियापदाचं हे रूप नामाआधी बसत नाही. मूल आत्ता झोपेत आहे, म्हणून डास श्लाफेंडे किंट. बसलेला माणूसही तसाच: डेर झिट्सेंडे मान. डोळा नुकताच लागला असेल, तर डास आइनगेश्लाफेने किंट चालेल, कारण आइनश्लाफेन (झोप लागणे) हाबेनऐवजी ‘झाइन’ हे सहायक घेतं. आलेली गाडीही त्याच न्यायाने: डेर आंगेकोमेने त्सूग.

कागदकाम
एक पुस्ती. ती बहिणीच्या पत्रासारखी लांब रचना करारात, बातमीत वाचायला मिळते. गप्पांत लोक सरळ ‘जे पत्र… ते’ छापाचं वाक्य करतात. तोंडी परीक्षेत उगाच ओढून आणू नका.

धडपडी_बी१
बरं. उद्या बाईंना देते: आइन कोरिगीर्टर आउफझाट्स (सुधारलेला निबंध). नॉय ठेवून बघितलंय.